पंधरा अँपिअरचा कारभारी

एसीचा गार वारा अंगाला पुरता लागायच्या आतच दिनानाथ टिपणीसच्या घरातले पंखे थांबले, दिवे गेले आणि खालच्या मजल्यावरून घरमालकीण अंबुजाबाईंचा टाहो ऐकू आला, "अय्यो! माझें इडलीचें पीठ!"

२००४ सालचा मे महिना होता. बँकेच्या बदलीवर चेन्नईला आलेला दिनानाथ बायकोसह, सुनीतीसह, अण्णा नगरातल्या या जुन्या घरात वरच्या मजल्यावर राहत होता. खाली घरमालक राघोत्तमराव, अंबुजाबाई आणि मुलगी विद्यालक्ष्मी. मंडळी तंजावरकडची मराठी, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती. उकाड्यावर मात्र एसीखेरीज इलाज नव्हता.

वायरमन वेंकटने फ्यूज काढून पाहिला आणि तमिळमध्ये बरंच काही सुनावलं. राघोत्तमरावांनी त्याचं मराठी केलं.

"हा म्हणतो, सगळ्या घराला मिळून पंधरा अँपिअर. तुमचा एसी एकटा आठ खातो. सुरू होतांना तर क्षणभर त्याहून कितीतरी जास्त."

"आणि इस्त्री?"

"चार."

"मिक्सर?"

"तीन."

दिनानाथने सगळं लिहून घेतलं. बँकेत एकोणीस वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. टाचण्या संपल्या तरी लोक परस्पर मागवत. आणि इथे पंधरा अँपिअर वाऱ्यावर पडले होते!

"हे मी बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यातून हाका येऊ लागल्या.

"दिनानाथराव, चटणीला तीन द्याल?"

"किती वेळ?"

"पांच मिनिटें."

"मंजूर! पण ग्राइंडर बंद करा आधी."

राघोत्तमराव इस्त्रीसाठी आदल्या दिवशीच नंबर लावत. सुनीतीने कपाळाला हात लावला. "अहो, स्वतःच्या मिक्सरसाठी मी आता अर्ज करू?"

"तोंडी सांगितलंस तरी चालेल," तो उदारपणे म्हणाला.

आठवडाभरात तो इतका ताठ चालू लागला, की बँकेच्या शिपायानेही त्याला पहिल्यांदाच सलाम ठोकला.

मग विद्यालक्ष्मीचा साखरपुडा ठरला. मुलगा शहराबाहेर सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये. पाहुण्यांना उकडू नये म्हणून समारंभ दिनानाथच्याच हॉलमध्ये करायचं ठरलं. त्याने मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आखलं. सकाळी नऊनंतर इस्त्री बंद, दहानंतर मिक्सर बंद, अकराला पाहुणे, अकरा वाजून पाच मिनिटांनी एसी. राघोत्तमराव इस्त्रीला दोन मिनिटं उशिरा आले, तर त्यांना चुरगळलेली वेष्टीच, म्हणजे तिकडचं पांढरं धोतर, नेसायला लावली.

पाहुणे वीस मिनिटं आधीच आले. वीस माणसं दाटीवाटीने बसली. मुलाची आई घाम पुसत म्हणाली, "ए.सी. असेल ना?"

"आहे तर!" दिनानाथने रिमोट असा उचलला, की जणू तोफच डागायची होती.

फट्!

सगळं बंद. दारं-खिडक्या एसीसाठी घट्ट लावलेल्या. वीस माणसं भट्टीत बसल्यासारखी झाली. भटजींचा मंत्र मध्येच तुटला. मुलाच्या आईने फुलांचं तबक रिकामं करून त्यानेच वारा घ्यायला सुरुवात केली.

"कोणीं काय लावलें?" राघोत्तमराव गरजले.

"खाली कोणीतरी इस्त्री लावली!" दिनानाथ किंचाळला. "मी सांगून ठेवलं होतं!"

"मी ही चुरगळलेली वेष्टी नेसून वर हा आळहि सोसायचा?"

वेंकट धावत आला. खाली गेला, वर आला, स्वयंपाकघरात डोकावला आणि शेवटी दिनानाथच्या न्हाणीघरात शिरला. बाहेर आला तो हसू दाबत.

"सार, गीझर!"

सगळ्यांच्या माना वळल्या. पाहुण्यांपुढे ताजंतवानं दिसावं म्हणून दिनानाथने दुसऱ्या आंघोळीसाठी पाणी तापत ठेवलं होतं. पाहुणे लवकर आले आणि तो तसाच बाहेर पळाला होता.

"मे महिन्यांत? चेन्नईंत? गीझर?" अंबुजाबाई स्वतः न्हाणीघरात डोकावून आल्या.

मुलाची आई आधी हसली. मग मुलगा, मग भटजी. साखरपुडा गच्चीवर मांडवाच्या सावलीत पार पडला आणि जेवताना व्याह्यांनी दिनानाथला आग्रहाने वाढलं, "ऊन-ऊन रसम घ्या, तुम्हाला गरमच आवडतं!"

राघोत्तमरावांनी महिन्याभरात जास्त वीज देणारी थ्री-फेज लाइन घेतली. आता कोणी किती वीज वापरावी, हे दिनानाथला कोणी विचारेना. तो जिन्यात उभा राहून खोकायचा. "ग्राइंडर... ठीक चाललाय ना?"

"अगदीं छान!" आतून उत्तर यायचं, आणि दार बंदच.

बँकेतही शिपाई पुन्हा नुसता बघू लागला.

एका सकाळी बेल वाजली. दारात अंबुजाबाई, आणि मागे गल्लीतल्या सात-आठ बायका रंगीत प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन.

"दिनानाथराव, आमची बोअर आटली. गल्लीला आतां दिवसाआड पाण्याची लॉरी येणार. कोणाला किती घागरी, यावरून आत्तांच भांडणें लागलीं आहेत. कोणी तरी कडक माणूस पाहिजे."

दिनानाथने शर्टाची वरची गुंडी लावली.

"घरटी माणसं किती?" तो म्हणाला. "आणि आधी रांग करा बरं!"