ग्रेडरकाकांची बिस्किटं

आमचे ग्रेडरकाका कोणतीही वस्तू आधी मुठीत दाबून पाहत. कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर. मूठभर कापूस दाबायचा आणि ओल किती ते सांगायचं, ही नोकरी. पण घरी आल्यावर तरी मूठ थांबायला हवी ना! मेथीची जुडी, दोरीवरचा शर्ट, काही सुटत नसे. एकदा आमच्याकडे त्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि पोह्यांचीच मूठ वळली. "ओल हाय, वहिनी. वापस!" त्यानंतर वर्षभर आमच्या हिने त्यांना नुसता चहा दिला.

नेरला आमची त्यांची भिंतीला भिंत. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रविवारी सकाळी मात्र गल्लीतली सात पोरं त्यांच्या ओट्यावर जमत आणि जॅमची बिस्किटं होत. मैदा, पिठीसाखर, तूप काका मळत. पोरं गोळे वळून मधोमध अंगठ्याने खळगा करत, त्यात जॅम भरत. मग काकूंचा जुना गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन. पण त्याआधी हातांची तपासणी, केंद्रावर गाड्यांची असते तशी रांग लावून. "ओल हाय, पुसून ये. वापस!" पोरं खिदळत टॉवेलकडे पळत. एकच नियम कडक होता. आपल्या बिस्किटावर आपलाच अंगठा.

त्या सालांत कापसाचं काही खरं नव्हतं. कोणाची गाडी केंद्रावरून परत आली की गल्लीतल्या बायका त्या घरी उगाच विरजण मागायला जात. माणूस घरात आहे ना, जेवतो ना, एवढंच पाहून येत.

एका गुरुवारी काकांनी मागच्या गल्लीतल्या रमेशची गाडी परत पाठवली. कापूस खरोखरच ओला होता. पण रमेशची सहा वर्षांची पिंकी रविवारच्या सात पोरांतली.

त्या रविवारी सहाच आली. अकराला लाईट जायची आणि बिस्किटांना अर्धा तास लागे. साडेदहा वाजले तरी काका ओव्हन लावेनात.

"काका, लाईट जाईन ना!" पोरं ओरडायला लागली.

"जाऊ दे. एक अंगठा बाकी हाय."

"मी लावतो तिचा," आमचा बंड्या म्हणाला. काकांनी असं पाहिलं की त्याने आपला अंगठा तोंडात घातला.

काकांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, रमेश दिसला का तुमाले? कालपासून पाह्यला नाही मी त्याले."

"वावरात गेला असंन, काका."

"जेवते ना तो?"

मी "हो" म्हणून टाकलं. मला काय ठाऊक?

पावणेअकराला पिंकी आली. फाटकाशी रमेश उभा होता. माझा जीव भांड्यात पडला. काकांनी तिचे हातसुद्धा तपासले नाहीत. तिने अंगठा लावला, ओव्हन लागला, आणि यायची वेळ कधीच न पाळणारी लाईट जायची वेळ पाळून बरोबर अकराला गेली.

झाकण काढलं तर बिस्किटं पांढरी फटक. पिंकीने आपलं बिस्किट उचललं आणि अगदी काकांसारखं मुठीत दाबलं. जॅम बोटांवर आला. तिचा चेहरा उतरला.

"काका, ओल हाय," ती म्हणाली. "वापस करता का?"

काकांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि अख्खं तोंडात टाकलं. कच्चा मैदा गिळायला त्यांना वेळ लागला.

"नाही, माय. पास हाय."

मग एक बिस्किट घेऊन ते फाटकाकडे गेले. "रमेश, कापूस माह्या स्लॅबवर आनून टाक. तिथं ऊन चांगलं हाय. मी पलटवत जाईन." रमेशने बिस्किट घेतलं आणि तिथेच खाल्लं.

सोमवारी सकाळी काका ड्युटीवर जाण्याआधी स्लॅबवर एकटेच कापूस पलटवत होते. चार हात पलटवायचे, मूठ दाबून पाहायची, पुन्हा पलटवायचं.

"गेली का ओल, काका?" मी खालून विचारलं.

"जाईन दोन दिवसांत." त्यांनी मूठ उघडली, कापूस खाली ठेवला. मग कठड्याशी आले.

"पोरगी पुढच्या रविवारी येईन ना हो, भाऊ?"