पाच पायांचा किडा

सासऱ्यांनी काढलेला फोटो आयुष्यात पहिल्यांदा न हलता आला, आणि सुनेच्या मागे काम लागलं.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता हात थरथरत. तरी निवृत्तीनंतर त्यांनी किड्यांचे फोटो काढायचा नाद लावून घेतला होता. मोबाइलवरच्या कीटकप्रेमींच्या ग्रुपवर ते रोज एक फोटो टाकत आणि ग्रुपचे सर रोज कळवत, ‘फोटो हलला आहे. ओळख पटत नाही.’ मग सासरे जेवताना मान वर करत नसत. सुनेला ते बघवत नसे.

आज सकाळी मात्र त्यांनी चष्म्याशिवायच, स्वयंपाकघराच्या फरशीवर एक हिरवा किडा टिपला. किडाही गुणी, जागचा हलला नाही. पायांवरची लव दिसत होती. पाय पाच. सहावा भांडणात तुटला की पोटाखाली दुमडलाय, यावर ग्रुप दुपारपर्यंत हमरीतुमरीवर आला. अखेर सरांनी लिहिलं, ‘दुर्मीळ वाटतो. संध्याकाळी बघायला येतो.’

“सूनबाई, तो किडा कुठं गेला गं?”

“बाबा, मी तर केर काढला.”

सासरे रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसून राहिले. तिनं धावत कचऱ्याचा डबा गाठला, तर तो सकाळीच रिकामा झालेला. निदान सरांना सँडविच तरी द्यावं म्हणून तिनं टोमॅटो घेतला, देठ खुडून ओट्यावर टाकला, आणि सुरी हातातच राहिली.

हिरवा. लव असलेला. पाच पाय.

तेवढ्यात सर आले आणि पाणी मागत थेट आतच शिरले. ओट्यापाशी थबकले. खिशातून भिंग काढून बराच वेळ वाकून राहिले.

“कुणाला सांगितलंत?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही.”

“मग राहू द्या.”

बाहेर येऊन त्यांनी सासऱ्यांचा हात हातात घेतला. किडा निसटला, पण फोटो अजिबात हललेला नाही, असं दोनदा सांगितलं. सँडविचला न थांबताच गेले.

सासरे पाणी प्यायला आत आले. ओट्यावरचा देठ त्यांनी चिमटीत धरला, घड्याळाचं चाक धरावं तसा डोळ्याजवळ नेला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “सरांना सांगू नकोस हं. एवढा जाणकार माणूस, मनाला लावून घेईल.”