कड तपासलीस ना?

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर माणसं आधी यजमानांना भेटतात. सुर्वेसर आधी एसीच्या डक्टला भेटतात. खेडमध्ये त्यांच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, आणि सर खुर्चीवर चढून पत्र्याच्या डक्टला हात लावून उभे. एसीचा पंखा आणि डक्टचा पत्रा यांच्यामध्ये कॅनव्हासची पट्टी असते, ती एका बाजूने सुटली होती. सरांनी वरूनच हॉलच्या मॅनेजरला विचारलं, "मेल्या, हिची कड कोणी धरायची? नवरदेवाने?" भटजी मंगलाष्टक विसरले.

सर आमच्या कॉलेजात गणित शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी, नंतर त्याच विभागात नोकरीला. सरांचा आयुष्यभराचा विषय एकच, डक्टमधून जाणारा आवाज. हिशेब सोपा व्हावा म्हणून पुस्तकात डक्टच्या भिंती ताठ धरतात. या गोष्टीचा सरांना असा संताप, की जणू कोणी त्यांच्या बांधावरचा फणस उतरवून नेला. "भिंत हलते रे. आवाज आला की थोडा मागे फेकते, थोडा पुढे सोडते, थोडा स्वतःच्या अंगात घेऊन थरथरते. आणि हे लिहितात, समजा भिंत ताठ आहे. का म्हणून समजा?"

प्राचार्य, एसटीचा कंट्रोलर, गॅस वेळेवर न देणारा, जो कोणी ऐकून घेत नाही तो सरांच्या लेखी 'ताठ भिंतवाला'. याहून मोठी शिवी त्यांच्याकडे नाही.

आणि कड. भिंतीत कापडाचा तुकडा असेल तर तो कडेला कसा धरलाय, घट्ट आवळलाय की मोकळा सोडलाय, हे सांगितल्याशिवाय उत्तर खरं येत नाही. हे त्यांच्या इतकं अंगात भिनलेलं, की पावसाआधी शेजारी पडवीला मेणकापड बांधायला लागला की सर दोन घरांमधल्या गडग्यापाशी हजर. शेजारी वैतागून म्हणायचा, "या सर, तुम्हीच धरा." सर धरायचेसुद्धा.

स्टाफरूममध्ये म्हणत, सुर्वेंचाच पत्रा हलतो. मीही हसायचो. त्या हसणाऱ्यांची मला आज चीड येते आणि सर्वांत जास्त त्यातल्या एकाची, कारण हसायचा अधिकार त्याला सर्वांत कमी होता. का, ते गेल्या महिन्यापर्यंत मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

माझा प्रबंध सरांच्याच हाताखाली झाला. मागे फिरलेला आवाज, पुढे गेलेला आणि कापडाने नेलेला, तिन्हींची बेरीज बरोबर एक यायला हवी. माझी कमी येत होती. कडेची अटच मी घालायला विसरलो होतो. ती घालायची म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि नोकरीची मुलाखत पंधरा दिवसांवर. जी तूट होती ती मी पुढे गेलेल्या आवाजात मिसळून टाकली. तक्त्याच्या प्रत्येक ओळीची बेरीज एक. सरांनी एवढंच विचारलं, "कड तपासलीस ना?"

मी म्हटलं, "हो सर."

निवृत्त झाल्यावर सर खेडला घरी गेले आणि तेच गणित पुन्हा, मोठं करून मांडलं. त्यांचीही बेरीज एक येत होती, पण आकडे माझ्याशी जुळेनात. सरांनी माझ्यावर शंका घेतली नाही. स्वतःवर घेतली. नऊ वर्षं दर रविवारी चारला रत्नागिरीत माझा फोन वाजायचा. "आजही जुळला नाही रे." मग कॅनव्हास, मेणकापड, शेजारी, सगळ्यांचा उद्धार. मी 'बघा सर, सापडेल' म्हणायचो.

गेल्या महिन्यात त्यांना भेटायला गेलो. वह्या सुतळीने बांधून दारात ठेवलेल्या, रद्दीवाल्यासाठी. सर हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन आलो. डोकं तपासून घेतलं. तो म्हणतो ठीक आहे. त्याला काय कळतंय? एवढी साधी चूक सापडत नाही म्हणजे गेलंच की."

मग मात्र मी सांगितलं. सगळं. 'हो सर'सकट.

मला वाटलं होतं ताठ भिंतवाला तरी म्हणतील. म्हणाले नाहीत. सुतळी सोडून वरची वही उघडली, आकड्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे माझं बरोबर होतं," असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मग फोन कशाला उचलायचास दर रविवारी?"

मी सुटलेली सुतळी बोटाला गुंडाळायला लागलो.

"मला वाटायचं," सर म्हणाले, "तुला बोलायला आवडतं."

पुढच्या रविवारी चार वाजले. फोन वाजला नाही. जुळत नाही हे सांगायचं कारणच मी काढून घेतलं होतं. सव्वाचारपर्यंत थांबलो. मग जुना प्रबंध काढला, कोरी वही समोर घेतली, कडेची अट पहिल्या ओळीत लिहिली आणि खेडला फोन लावला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"सर, पहिल्यापासून मांडायला घेतोय," मी म्हटलं.

पलीकडे वहीची पानं उलटली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

"आधी सांग," सर डाफरले, "कड कशी धरली आहेस?"