अठराव्या हाताला भिंत

रविवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी, डोंबिवलीतल्या ज्येष्ठांच्या जलतरण स्पर्धेत, मुकुल दामले यांनी कोलांटी घेऊन भिंतीला लाथ मारली. भिंत तिथे नव्हती! ती अजून चार मीटर पुढे होती.

मुकुलराव एकसष्ट वर्षांचे. हृदयात एक स्टेंट, डोळ्यांना उणे सात. पाण्यात भिंत दिसत नसे, म्हणून ते हात मोजत. घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत पंचवीस मीटरचा तलाव होता. अठरा हात, कोलांटी, लाथ, परत अठरा हात! वर्षभरात एकदाही चुकले नव्हते. स्टेंटपासून सोसायटीत त्यांना 'पेशंटकाका' म्हणत. ते नाव त्यांना विक्रमानंच पुसायचं होतं.

पन्नास मीटरला त्यांच्या वयोगटाचा राज्याचा विक्रम पस्तीस सेकंदांचा. त्यांची वेळ चौतीस! स्वयंपाकघरात आलेख टांगलेला.

"माणसाच्या वेगाची हद्द आली म्हणतात. थापा! महिन्याला अर्धा सेकंद उतरतोय माझा. अडीच वर्षांत जागतिक विक्रम!"

"आणि सहा वर्षांनी?" आसावरीनं कोथिंबीर निवडता निवडता विचारलं. "उडी मारायच्या आधीच पोहोचाल!"

बायकोला विज्ञान कळत नाही, असं मुकुलरावांनी मनाशी नोंदवलं.

आता डोंबिवलीत पाय मोकळ्या पाण्यात गेले. वर कुठे, खाली कुठे, कळेना. त्यांनी भिंत शोधायला तोंड उघडलं, जणू हाक मारल्यावर ती येणार होती! काही प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. नवी शैली असावी.

"अहो, टाळ्या काय वाजवताय! बुडतायत ते!" आसावरी ओरडली.

दोघांनी त्यांना ओढून काढलं. ॲम्ब्युलन्समधूनच तिनं सोसायटीच्या मॅनेजरला फोन लावला.

"श्रीपाद, आपला तलाव किती लांब?"

"पंचवीस मीटर, वहिनी! ब्रोशरमध्येच आहे."

"टेप लाव."

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "पाणी एकवीस मीटर भरतंय. बाकीच्यात पायऱ्या, कठडा आणि शॉवरची जागा धरलीय. फ्लॅटचं नाही का तसंच, सुपर बिल्ट-अप!"

दुपारी चारपर्यंतची माहिती अशी: फुप्फुसात पाणी गेलंय, चोवीस तास डॉक्टर काही सांगणार नाहीत. मास्क बाजूला करून मुकुलरावांनी एकदाच विचारलं, "वेळ किती लागली?" एकवीस मीटरचं आसावरीनं अजून सांगितलेलं नाही. त्यांची बोटं चादरीवर अठरापर्यंत मोजतात आणि थांबतात.