लिन्सीचा पेशंट

लिन्सीची परीक्षा दोन दिवसांवर आली होती आणि तिचा पेशंट फणसाच्या झाडावर चढला होता.

पेशंट म्हणजे तिचे वडील, वर्कीच्चन. परदेशात नर्स व्हायचं तर इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत खोट्या पेशंटची विचारपूस करावी लागते; पेशंटला काय होतंय ते कार्डावर लिहिलेलं असतं. लिन्सी दोनदा नापास झाली होती. ती सगळ्यालाच 'लुक' म्हणायची. क्लासच्या बाईंनी बजावलं होतं, "डोळ्यांना दिसतं ते लुक, मनाला वाटतं ते सीम, आणि उद्या अंगाशी येऊ नये म्हणून म्हणायचं ते अपिअर."

"अप्पच्चा, उतरा! आज छातीत दुखायचंय तुमच्या."

वर्कीच्चन उतरले, ओसरीतल्या आरामखुर्चीत पडले आणि असे काही विव्हळले की कुंपणापलीकडच्या एलियाम्माच्या हातातलं सूप पडलं. मघाशी झाडावर असलेला माणूस आता कण्हतोय आणि लेक नाडी बघतेय. झाडावरून पडला, दुसरं काय! तासाभरात ओसरीत संत्री घेऊन अर्धी वाडी जमली. मागोमाग, मरणाऱ्याच्या कपाळाला लावतात ते शेवटचं पवित्र तेल घेऊन पाद्रीबाबाही आले.

"वर्कीच्चन, काय होतंय?"

"छातीत दुखतंय, फादर. कार्डावर तसंच लिहिलंय."

खरा प्रकार कळल्यावर हशा पिकला. एलियाम्माने चिडून संत्री परत पिशवीत भरली. पाद्रीबाबा खुर्ची ओढून बसले. "आलोच आहोत तर परीक्षा बघूनच जाऊ. विचार गं, लिन्सी."

लिन्सीने वडिलांकडे पाहिलं. ते सगळ्यांबरोबर हसत होते, पण बोटांनी नेसलेल्या मुंडूचा काठ चुरगाळत होते. आई गेली त्या दिवशीही ते असाच काठ चुरगाळत बसले होते. आता लिन्सी परदेशी गेली की या घरात ते एकटेच उरणार होते.

"दिसायला तुम्ही ठणठणीत दिसता," ती सावकाश इंग्रजीत म्हणाली. आणि मग, पहिल्यांदाच न अडखळता 'सीम' वापरून, "पण मला तुम्ही फार एकटे वाटता."

पाद्रीबाबांनी तेलाची बाटली खिशात टाकली.

"हे कार्डावर नाहीये, पोरी," वर्कीच्चन पुटपुटले.

"मी नाही जात, अप्पच्चा."

"वा! आणि मी दहा दिवस कण्हलो ते फुकट?" त्यांनी डोळे पुसले आणि खुर्चीत पाय लांब केले. "चल, पुढचा आजार काढ."

एलियाम्माने पिशवीतली संत्री पुन्हा बाहेर काढली आणि त्यांच्या उशाशी ठेवली.