चिचटोल्याची बैलघंटागाडी

"निधी नाई आला तं काय झालं? गाव का निधीच्या भरोशावर चालते? हे इंदुताई अजून जित्ती आहे!"

चिचटोल्याच्या सरपंच इंदुताईंनी ग्रामसभेत हे वाक्य असं काही ठोकलं, की मागे डुलक्या काढणारे लोकही दचकून टाळ्या वाजवू लागले. टाळ्या कशासाठी हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण बाई एवढ्या जोरात बोलल्या म्हणजे काहीतरी चांगलंच असणार!

चिचटोला म्हणजे चामोर्शीच्या पुढं, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथलं गाव. दिल्लीहून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशाला यंदा कात्री लागली होती. आधी कळलं, उशीर होईल. मग कळलं, कमी येईल. मग ज्यांच्याकडून कळायचं, त्यांनी फोन उचलणंच सोडलं! पहिला मार बसला कचऱ्याच्या ट्रॅक्टरला. डिझेल संपलं आणि ट्रॅक्टर पंचायतीसमोर रुसलेल्या जावयासारखा उभा राहिला. एका कोंबडीनं तर त्याच्या सीटवर अंडी उबवायला घेतली! बाजारचौकातला कचऱ्याचा ढीग इतका वाढला, की परगावच्या माणसानं पत्ता विचारला तर लोक सांगत, "ढिगाऱ्यापासून डाव्या हाताले वळा जी."

इथवर सगळे हसत होते. पण ढिगाशेजारच्या आळीतली पोरं तापानं फणफणायला लागली, तसं इंदुताईंचं हसू मावळलं. बाई बोलायला तिखट, पण दुसऱ्याचं लेकरू आजारी पडलं तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

"ट्रॅक्टर नाई तं बैलगाडी!" त्यांनी जाहीर केलं. "वारलूभाऊ, तुमचे बैल रिकामेच आहेत ना?"

वारलूभाऊंचे बैल म्हणजे रॉकेट आणि बुलेट. शंकरपटाच्या शर्यतीत धावून धावून नाव कमावलेले, आणि आता वयोमानानं घरी बसलेले. वारलूभाऊंना हा अपमान वाटला. "सरपंचबाई, माह्या बैलाईनं ढाली जिंकल्या! ते कचरा वाहतील?"

"ढाली जिंकल्या म्हणूनच तं मान देऊन राह्यली! गावाचा पहिला कचरा त्याईच्याच हातानं."

"त्याईले हात नाई."

"भाऊ, उद्याले गाडी घेऊन या!"

त्याच दिवशी ग्रामसेवक अजय धापा टाकत आला. "ताई, उद्या मोठे साहेब येऊन राह्यले! पाहाले!"

"काय पाहाले?"

"तेच ऐकत होतो तं फोन कटला."

इंदुताईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा दिवाळीच्या पणतीसारखा उजळला. "स्वच्छता पाहाले, दुसरं काय! बक्षीस असन. अजय, आपली बैलघंटागाडी साहेबाच्याच डोळ्यापुढं सुरू करू!"

"ताई, पण एकदा विचारून..."

"तू काऊन भेऊन राह्यला? मी आहो ना!"

दुसरा दिवस बाजाराचा. सकाळीच रॉकेट आणि बुलेट शिंगांना गोंडे बांधून हजर. गाडीत कचरा शीग लावून भरला. ट्रॅक्टरवरचा भोंगा काढून गाडीच्या पुढच्या बाजूला, थेट बैलांच्या शेपट्यांमागं बांधला. भोंग्यावर लावायचं गाणं कुणालाच सापडेना, म्हणून इंदुताईंनी ठरवलं, आपण स्वतःच बोलायचं. ठेवणीतलं जांभळं लुगडं सावरत त्या धुरेवर चढून बसल्या आणि माइक हातात घेतला. साहेबांची गाडी शाळेच्या मैदानात येऊन थांबल्याचं अजयनं धावत येऊन सांगितलं.

"वारलूभाऊ, हाका!"

पण वारलूभाऊ कुठं होते? समोरच्या टपरीवर! तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेतल्याशिवाय हा माणूस पटातही उतरत नसे.

"दोन मिनिटं, बाई!" ते तिथूनच ओरडले.

तोवर इंदुताईंनी माइकचं बटण दाबलं. पहिलाच शब्द काढला, "हॅलो..." आणि भोंग्यानं कूंऽऽऽईं करून अशी शिट्टी मारली, की बाजारातल्या कोंबड्या टोपल्यांसकट उडाल्या!

आता पटात शर्यत कशानं सुटते? शिट्टीनं. रॉकेट आणि बुलेटनं एकमेकांकडं पाहिलं. इतकी वर्षं दाव्याला बांधून पेंढा खाताना ज्या आवाजाची वाट पाहिली, तो आला होता! दोघांनी शेपट्या उभ्या केल्या आणि गाडी सुटली.

"अवं माय! थांबवा!" इंदुताई किंचाळल्या. माइकमधूनच! आवाज भोंग्यातून दसपट होऊन बैलांच्या पाठीवर आदळला. बैलांना वाटलं, गाडी हाकणारा धुरकरी जोर देतोय. ते आणखी जोरात धावले. ते जोरात धावले म्हणून ताई आणखी जोरात ओरडल्या. ताई ओरडल्या म्हणून... तुम्हीच काय ते समजा!

"ताई, माइक फेका!" अजय मागून पळत ओरडत होता. पण एका हातात गाडीची दांडी, दुसऱ्या हातात माइक, आणि दोन्हींपैकी काय सोडायचं हे सुचायला डोकं जागेवर हवं ना! ते मागं सुकटीच्या दुकानापाशीच राहिलं होतं.

बाजारात एकच कालवा उठला. "अबे, पट सुरू झाला बे!" कुणीतरी आरोळी दिली. झालं! आलू मोजणाऱ्यानं तराजू टाकला, भजी तळणाऱ्यानं झारा टाकला, आणि सगळा बाजार रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभा राहून शिट्ट्या मारू लागला. "वारे रॉकेट! वारे सरपंचबाई!" गाडीतून फुटक्या टोपल्या, केळीची सालं, सडकी वांगी आतषबाजीसारखी उडत होती. सगळ्यात मागून वारलूभाऊ पळत होते. तोंडात खर्रा, डोळ्यांत पाणी. "पाहा रे, पाहा! अजून दम आहे माह्या लेकराईत!"

गाडी वळली शाळेच्या मैदानाकडं. तिथं वळणारच होती! शाळा होण्याआधी पट तिथंच भरायचा. बैलांना शाळा वगैरे ठाऊक नव्हती, धाव कुठं संपते एवढं पक्कं ठाऊक होतं. आणि नेमक्या त्याच जागी साहेबांची पांढरीशुभ्र गाडी उभी होती!

बैल शहाणे. धाव संपली तसे जागच्या जागी थांबले. कचरा मात्र थांबला नाही. साऱ्या चिचटोल्याचा महिन्याभराचा ऐवज ताईंच्या आणि बैलांच्या डोक्यांवरून गेला आणि साहेबांच्या गाडीवर धप्पकन बसला.

शेजारीच उभ्या साहेबांच्या खांद्यावर एक पडवळ लोंबत होतं.

"नमस्कार जी," इंदुताई भोंग्यातून म्हणाल्या. "बैलघंटागाडी."

साहेबांनी पडवळ काढलं. बैलांकडं पाहिलं. आणि त्यांच्या मिशीखालून हसू फुटलं. "बापरे, काय जोडी आहे! आमच्या आजोबांकडंही पटाचे बैल होते!" ते जाऊन रॉकेटची पाठ थोपटू लागले. वारलूभाऊ त्यांच्या शेजारी उभे राहून ढसाढसा रडले.

पण इंदुताईंचा जीव लाजेनं अर्धा झाला होता. त्या खाली उतरल्या, पदर खोचला, शाळेतला खराटा उचलला आणि झाडू लागल्या. सरपंचबाई एकट्या झाडताहेत म्हटल्यावर शिट्ट्या मारणारे ओशाळले. आधी भजीवाला आला, मग आलूवाला, मग आळीतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या. मैदान झालं, रस्ता झाला. हात चालते झालेच होते, म्हणून चौकातला उरलेला ढीगही गावाबाहेरच्या खड्ड्यात गेला. साहेबांची गाडी कुणीतरी धुऊन दिली. दुपारपर्यंत गाव असं चमकलं, की लोक स्वतःच्याच घराचा रस्ता चुकू लागले!

चहा पिताना साहेबांनी विचारलं, "ताई, निधी नसताना तुम्हांला फार अडचण येत असेल?"

अजयनं मागून ताईंच्या पायावर पाय दिला. पण गाव इतकं चमकताना इंदुताई कुठल्या थांबतात!

"अडचण? कशाची जी? आमचं गाव हे असंच! बैल आहेत, माणसं आहेत, काईच कमी नाई!"

"वा!" साहेब उठले. "मग माझं काम सोपं झालं. थोडासा निधी शिल्लक आहे. ज्या गावाचे जास्त हाल, त्याला द्यायचा म्हणून पाहणी चाललीय. शेजारच्या सावरटोल्यात इथं येण्याआधी जाऊन आलो. काय ती घाण! गाडीतून उतरवलं नाही. त्यांनाच देतो."

गाडीची धूळ दिसेनाशी होईपर्यंत दोघं हात जोडून उभे होते.

"ताई," अजय हळूच म्हणाला, "एवढं चमकवाची काय गरज होती?"

इंदुताईंनी खराटा भिंतीला टेकवला.

"मले का मालूम बापू, घाणीले मार्क भेटते म्हणून!"