साकवाचे ठोकळे आणि जत्रेची चूल

मुलांनो, एक काम करा. डोळे मिटा आणि मनात एक व्हाळ आणा. ओढ्याला कर्नाटकातल्या जोयड्याकडे व्हाळ म्हणतात. उन्हाळ्यात त्यात घोटाभर पाणी असतं, दगडांवर पाय ठेवत सहज पलीकडे जाता येतं. पावसाळ्यात तोच व्हाळ असा फुगतो की अलीकडचा माणूस अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. आता या काठावर एक शाळा ठेवा आणि त्या काठावर एक घर. घराच्या दारात आई उभी करा. झालं? मग सांगा, शाळेत शिकणारी त्या घरातली मुलगी पावसात रोज घरी कशी जाणार?

नाही जाणार. म्हणून रक्षिता, जिला सगळे रक्षी म्हणत, पावसाळाभर शाळेजवळच्या शांताआत्याकडे राहायची. आत्या एकटीच होती आणि रक्षीवर तिचा फार जीव. पण संध्याकाळी पाऊस वाढला की रक्षी आत्याच्या पडवीत बसून पलीकडच्या घरातला दिवा शोधायची. पावसाच्या धारांत तो कधीच दिसायचा नाही.

यंदा मात्र व्हाळावर साकव होत होता. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता लहान पूल. पाऊस लागायच्या आत तो पुरा झाला, तर रक्षी रोज संध्याकाळी आपल्या आईकडे, केशरकडे, झोपायला जाणार होती.

साकवाच्या कामावर गुरुदास नावाचा माणूस यायचा. तो शहरातल्या बांधकाम खात्यात टेक्निशियन होता. खडी धुतलेली आहे का, सिमेंट पुरेसं आहे का, लोखंड जागेवर बसलंय का, हे बघणं त्याचं काम. गावातले लोक त्याला ‘इंजनेर’ म्हणत. ‘मी इंजिनियर नाही, टेक्निशियन आहे,’ असं त्यानं सुरुवातीला बऱ्याच जणांना सांगितलं. मग लोक त्याला ‘टेक्निशियन इंजनेर’ म्हणायला लागले, तेव्हा त्यानं सांगणं सोडून दिलं.

साकवाची स्लॅब ओतली त्या दिवशी गुरुदासनं त्यातलंच थोडं काँक्रीट लोखंडी साच्यांत भरलं आणि त्याचे चौकोनी ठोकळे पाडले.

“हे कशाला ओ?” रक्षीनं विचारलं.

“हे साकवाचे धाकटे भाऊ. एकाच पिठाचे. साकव किती वजन पेलेल ते बघायला साकव मोडून चालेल का?”

“न्हाई.”

“म्हणून हे मोडून बघायचे. शहरात एक यंत्र आहे, ते यांना दाबत जातं.”

“बिचारे,” रक्षी म्हणाली.

“पण त्याआधी यांना रोज पाण्यात ठेवायचं. काँक्रीट पाणी पितं आणि पक्कं होतं.”

शांताआत्याच्या घरामागे दगडाची डोण होती. पूर्वी तीत गुरं पाणी प्यायची. आता गुरं नव्हती, म्हणून गुरुदासनं ठोकळे त्या डोणीत ठेवले. काही आधीच शहरात जाऊन मोडले गेले आणि त्यांचा निकाल चांगला आला. राहिले शेवटचे तीन. ते सगळ्यांत जास्त दिवस पाणी पिणारे, म्हणून खरा निकाल त्यांचाच. तो आला की मग दोन्ही काठांचा भराव, कठडे आणि साकव मोकळा. नाही आला, तर कामाची माणसं आणि यंत्रं दुसरीकडे निघून जाणार होती, ती पावसाळा सरल्यावरच परतणार. रक्षीला हे सगळं माहीत होतं. ती रोज शाळा सुटली की डोणीत कळशीभर पाणी ओतून मगच व्हाळ ओलांडायची.

ठोकळे न्यायच्या दिवशी गुरुदास सकाळीच पोतं घेऊन आला. रविवार होता. डोण काठोकाठ भरलेली होती. त्यानं बाही वर करून आत हात घातला. या कोपऱ्यात फिरवला, त्या कोपऱ्यात फिरवला.

“शांताकाकी, ठोकळे कुठायत?”

“ते व्हय? जत्रंवाल्यांना दिले की.”

उळवीची जत्रा भरली होती. बेळगाव, खानापूर, धारवाडकडच्या बैलगाड्या ओळीनं जंगलातून चालल्या होत्या. वाटेत गाड्या थांबल्या की गावातली माणसं त्यांना पाणी देत, जागा देत, चुलीला दगड देत. जत्रेकऱ्याला नाही म्हणायची तिकडे रीत नाही.

“दिले?” गुरुदास डोणीच्या कडेवरच बसला. “अहो, मी सांगितलं होतं ना, कुणाला चोरू देऊ नका म्हणून?”

“चोरले कुठं? त्यांनी मागितले. चुलीला तीन दगड हाय का म्हणाले. माझ्याकडं बरोबर तीनच, सारख्या उंचीचे. हंडा कसा बसला म्हणताय, जरा डुलला न्हाई.”

“मग स्वयंपाक झाल्यावर?”

“मीच म्हटलं, घेऊन जावा. उळवीत एवढी गर्दी, तिथं कुठं धड दगड गावायचे?”

गुरुदासनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात रक्षी व्हाळाकडून पळत आली. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही. ती रडली नाही, पण तिचे ओठ घट्ट मिटले.

“मला गाडी ठाऊक हाय,” ती म्हणाली. “नागूअण्णांची. खानापूरकडची. एका बैलाची शिंगं हिरवी, एकाची गुलाबी. काल मी त्यांना गवत घातलं.”

“चल, बस,” गुरुदासनं मोटरसायकल वळवली.

“पोरीला घेऊन एकटेच कुठं?” शांताआत्या पदर खोचत म्हणाली. “दगड मी दिले, मीच मागून घेते.” आणि तीही मागे बसली. वाटेतल्या प्रत्येक चढावर गाडी कण्हायची आणि आत्या उतरून चालायची. चढ संपला की पुन्हा बसायची.

तिघं उळवीला पोचले. जिकडे पाहावं तिकडे गाड्या, बैल आणि चुली. आणि चूल म्हटली की तीन दगड. गुरुदासनं पहिल्या हंड्याखाली वाकून पाहिलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

“काय शोधताय साहेब?” एका म्हातारीनं विचारलं.

“काही नाही आजी. तुमची चूल बघतोय.”

“बघा बघा. माझी सूनसुद्धा बघत न्हाई तिच्याकडं.”

वाकून हंड्यात, म्हणजे हंड्याखाली, बघणारा माणूस भुकेलेला असणार, असं सगळ्यांना वाटलं. “बर्री, या साहेब, बसा,” म्हणत कुणी त्याच्या हातावर भाकरी ठेवली, कुणी वांग्याची भाजी. नको म्हटलं तरी कुणी ऐकेना. एकानं त्याच्या खिशाला अडकवलेलं ओळखपत्र पाहिलं.

“सरकारी हाय व्हय तुमी?”

“हो. बांधकाम खातं.”

“मग चुली कशाला बघताय?”

“चौकोनी दगड शोधतोय. आमच्या खात्याचे आहेत ते.”

गुरुदासनं एवढंच सांगितलं, आणि तेही तोंडात भाकरी असताना. पण जत्रेत बातमीला माणसांपेक्षा जास्त पाय असतात. पहिल्या गाडीवर ती ‘सरकारी माणूस चौकोनी दगड शोधतोय’ अशी होती. पिंपळाखाली पोचेपर्यंत ‘चौकोनी दगड जप्त करतायत’ झाली. टेकाडावर गेली तेव्हा ‘ज्याच्या चुलीत चौकोनी दगड सापडेल त्याला गाडीसकट नेणार’ अशी झाली. बायका चुलीपुढे पदर पसरून बसल्या. एक गृहस्थ तर थंड पडलेल्या चुलीच्या दगडावरच मांडी घालून बसले आणि जप करू लागले.

“आता कसं शोधायचं?” गुरुदास म्हणाला.

“चुली नगा बघू,” रक्षी म्हणाली. “बैल बघा. बैल कोण लपवतंय?”

ते खरंच होतं. थोड्याच वेळात टेकाडाच्या उतारावर हिरवी शिंगं आणि गुलाबी शिंगं दिसली. शेजारी नागूअण्णा उभे होते, पांढरी मिशी, डोक्याला पटका. त्यांच्या चुलीवर हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, मोठा हंडा होता. हंडा एका बाजूला असा कलला होता की त्यांचे दोन मुलगे त्याला फडक्यांनी धरून उभे होते.

“अण्णा, ओळखलं का?” शांताआत्या पुढे झाली. “काल तुमास्नी दगड दिले ती मी. ते परत पायजेत.”

नागूअण्णांनी तिच्यामागचा ओळखपत्रवाला माणूस पाहिला.

“कसले दगड ताई? आमी तर असेच ओबडधोबड वापरतो. बघा की, हंडा कसा कललाय.”

“अण्णा, तुमच्या गाडीतून धूर येतोय,” रक्षी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. गाडीतल्या गवतातून बारीक धूर निघत होता. झालं होतं असं, की जप्तीची बातमी ऐकून अण्णांनी चुलीतले तापलेले ठोकळे घाईघाईनं काढले आणि गवताच्या तळाशी दडवले. गरम वस्तू गवतात ठेवली की काय होतं, हे अण्णांना चांगलं माहीत होतं. पण भीती वाटली की माहीत असलेलंही माणूस विसरतो.

“पाणी आणा रे,” अण्णा ओरडले. मुलग्यांनी हंडा सोडला आणि बैलांच्या बादल्या उचलल्या.

“पाणी नको, ठोकळ्यांवर पाणी नको,” गुरुदास सांगेपर्यंत दोन्ही बादल्या रिकाम्या झाल्या. चर्र आवाज आला. मग खण्ण असा दुसरा आवाज आला. गवत विझलं. तळाशी तीन काळे ठोकळे होते, आणि त्यांतला एक मधोमध तडकला होता. मागे हुग्गीचा हंडा हळूच आडवा झाला आणि गुलाबी शिंगांचा बैल मान वळवून तिकडे निघाला.

नागूअण्णा फार ओशाळले. साकवाची गोष्ट ऐकल्यावर तर त्यांनी पटकाच काढून हातात घेतला. “पोरी, मला ठाऊक नव्हतं गं,” ते रक्षीला पुन्हा पुन्हा म्हणत होते. जे उरलं होतं त्यातली वाटीभर हुग्गी त्यांनी तिला दिली. रक्षीनं ती खाल्ली, पण कुठलीही चव न घेता.

दुपारी तिघं परत आले. ठोकळे डोणीजवळ ओळीनं ठेवले.

“नारळाच्या शेंडीनं घासते,” शांताआत्या म्हणाली. “राख लावून घासले की नवे दिसतील. दोन तर धड हायत. तिसरा हातातून पडला म्हणायचं.”

गुरुदासनं एक ठोकळा उचलून उलटसुलट पाहिला. खरं सांगायचं तर हाच विचार वाटेत त्याच्याही मनात येऊन गेला होता. यंत्राला कुठं विचारता येतं, ठोकळा डोणीतून आला की चुलीतून?

रक्षी तडकलेल्या ठोकळ्यावरून बोट फिरवत होती. “हे भाजले,” ती म्हणाली. “साकव कुठं भाजलाय? मग आता हे त्याचे भाऊ कसे?”

गुरुदासनं खिशातून फोन काढला. साकव ज्यांच्या देखरेखीखाली होता त्या अंकिता मॅडमना त्यानं सगळं सांगितलं. डोण, जत्रा, गवत, बादल्या. काही गाळलं नाही. 

“गुरुदास,” मॅडम म्हणाल्या, “चुलीला?”

“हो मॅडम.”

“हंडा नीट बसला होता?”

“डुललासुद्धा नाही म्हणतात.”

फोनवर काहीतरी हसल्यासारखं ऐकू आलं. मग मॅडमचा आवाज कामाचा झाला. “ते ठोकळे आता कामाचे नाहीत, पाठवू नकोस. आपल्याकडे तपासायची हातोडी आहे. ती काँक्रीटला न फोडता नुसती आपटून बघते. मी घेऊन येते, साकवालाच विचारू. पण एक लक्षात ठेव. साकव कच्चा निघाला, तर यंदा उघडणार नाही. कुणी कितीही सांगितलं तरी.”

हे रक्षीनंही ऐकलं. ती उठून व्हाळाकडे गेली आणि साकवाखाली जाऊन बसली.

शांताआत्या डोणीतलं पाणी हातानं ढवळत राहिली. “इंजनेर,” ती हळूच म्हणाली, “दगड मी चुकूनच दिले. देवाशपथ. पण दिल्यावर आठवण झाली हे कशाचे ते. गाड्या तेव्हा वळणावर होत्या, हाक मारली असती तर ऐकू गेली असती.”

“मग?”

“साकव झाला की पोरगी पावसाळ्याचीबी जाणार. एकटीला माझं घर पावसात लई मोठं होतं बघा.” तिनं हात पदराला पुसला. “हाक न्हाई मारली.”

गुरुदास तिच्याशेजारी बसून राहिला. 

दोन दिवसांनी अंकिता मॅडम आल्या. साऱ्या गावानं काठावर गर्दी केली. मॅडम हातोडी साकवाला लावायच्या, टक् आवाज व्हायचा, त्या हातोडीवरचा आकडा वाचायच्या, आणि गुरुदास तो लिहून घ्यायचा. प्रत्येक टक् झाला की शांताआत्या डोळे मिटायची. बऱ्याच वेळानं मॅडम कागद बघून म्हणाल्या, “पक्का आहे. चांगला पक्का.” सगळ्यांत आधी शांताआत्यानंच सुटकेचा निःश्वास टाकला, आणि सगळ्यांत आधी तीच घरात निघून गेली.

भराव झाला, कठडे झाले, आणि आभाळात ढग जमू लागले त्याच आठवड्यात साकवाची वाट अडवायला घातलेल्या काट्यांच्या फांद्या काढल्या. रक्षीचे पावसाळ्याचे कपडे आत्याच्या घरी असत. आत्यानं ते सगळे घडी घालून गाठोड्यात बांधले आणि तिच्या काखेत दिले. “जा. आई वाट बघत्येय.”

रक्षी पळत साकवावरून गेली. पलीकडे केशर उभी होती. रक्षीनं गाठोडं आईच्या हातात दिलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तशीच परत फिरली. ती आत्याच्या घरात शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर आत्याची गुंडाळलेली चटई होती आणि काखेत आत्याची उशी.

“अगं, माझी चटई कुठं न्हेतीस?” शांताआत्या पडवीतून ओरडली.

 रक्षी साकवाच्या मधोमध जाऊन थांबली, चटई सावरली, आणि आत्या चपला घालून निघेपर्यंत तिथंच उभी राहिली.